मराठवाड्यात खरोखर दांडगं, जुनं झाड आणि बघण्यासारखं रान कुठं आहे?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या फाट्यावर एक वड होता. कॉलेजला असताना लातूरची एसटी त्याच्याच पारावर बसून धरायची. उन्हाळ्यात कलिंगडवाला त्याच्या सावलीला, लग्नसराईत बँडवाले त्याच्या सावलीला. रस्ता चौपदरी व्हायला लागला तेव्हा तो तोडला. पाडायला दोन दिवस लागले. अण्णा (माझे वडील, वय ७४) ते दोन दिवस फाट्याकडं फिरकले नाहीत. शेतात जायला ओढ्यातून वळसा घालून गेले.

याला तीन वर्षं झाली. परवा जेवता जेवता एकदम म्हणाले, "एखादं दांडगं झाड दाखव की मला कुठं तरी नेऊन. अन् जमलं तर खरंखुरं रान." अण्णांनी आजवर माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

ऑफिसात विचारलं तर आंबोली, ताडोबा, थेट केरळ. मराठवाडा म्हटलं की "तिकडं काय, बाभळी अन् बोरी." मला हे पटत नाही, पण ठाम उत्तरही देता येत नाही. अण्णांचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढण नको. दोन दिवसांपेक्षा जास्त प्रवास झेपणार नाही. आपल्या आठ जिल्ह्यांत किंवा लगतच्या टापूत काय आहे? स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगा.

कन्नडकर

तेरणाकाठदादा, रान बघायचं तर गौताळा. पूर्ण नाव गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, १९८६ ला जाहीर झालं, क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर. कन्नडपासून हाकेच्या अंतरावर. श्रावण ते दसरा या दिवसांत या. सीताखोरीचा धबधबा तेव्हा भरात असतो आणि डोंगर नुसता हिरवागार. पितळखोऱ्याच्या लेण्यांना मात्र पायऱ्या उतराव्या लागतात, अण्णांना तिकडं नेऊ नका.

साग, सालई, धावडा, पळस, बेल सगळं आहे, पण त्यांना अंजन दाखवा. एका देठाला दोनच पानं, बुडाशी जोडलेली, बैलाच्या खुरासारखी. लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. माझे आजोबा सांगायचे, अंजनावर कुऱ्हाड मारली की हात झिणझिणतो.

२०२१ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत गौताळ्यात आला होता, कॅमेऱ्यात सापडला. यवतमाळहून इथवर! त्याला रस्ता कुणी सांगितला असेल?

पण खरं तेच सांगतो. "दांडगं झाड" गौताळ्यात भेटेलच असं नाही. मुरूम-खडकाचा डोंगर, पाऊस बेताचा. इथली झाडं काटक आहेत, उंचीनं आणि घेरानं बेताचीच. अण्णांनी दोन गोष्टी मागितल्यात, त्या दोन ठिकाणी भेटतील.

येळवस

कन्नडकर मामा लाखाची गोष्ट बोलले. दांडगं झाड आपल्याकडं रानात नसतंय, शेतात असतंय. नाहीतर गावाच्या शिवेवर.

जुनी मोटंची विहीर हुडका. विहिरीवर चिंच असणारच, न्हाईतर आंबा. धावंवर दिवसभर बैल चालायचे, त्यांना सावली पाहिजे, मोट हाकणाऱ्याला पाहिजे. पाणी सांडायचं ते मुळ्यांनाच. शंभर-दीडशे वर्षं असं पाणी पिलेलं झाड किती होईल बगा! मोटा गेल्या, इंजनं आली, मोटारी आल्या, विहिरी आटल्या, बोअर आले. चिंच तिथंच हाय.

अन् ज्या झाडाच्या बुडाला शेंदूर हाय, म्हसोबा हाय, पीर हाय, त्याला कुऱ्हाड लागत नाय. आमच्याकडं येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण) त्याच चिंचंखाली असती. कडब्याची खोप, आंबील, भज्जी, उंडे. घरची, पावणे, रस्त्यानं चाललेला कुणीबी, पंगतीला बसायचं. मी मोजलंय, एका टायमाला ६० माणूस सावलीत बसलंय.

सिंदफणा

येळवसभाऊ, भज्जीचं नाव काढलंत, आता इथं पुण्यात मी काय खाऊ?

बीडकडचं सांगते. कपिलधारला पावसाळ्यात नक्की जा. मन्मथस्वामींची समाधी आहे, वर धबधबा, भोवती झाडी. तसंच अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी. अंबाजोगाई म्हणजे देवीचं देऊळ एवढंच बघून लोक परततात. आद्यकवी जिथं विसावले ती दरी बघत नाहीत. दुपारी तिथं नुसता पक्ष्यांचा आवाज असतो.

आणि बीडजवळ पालवणचा डोंगर. अगदी उघडा माळ होता तो. सयाजी शिंदे यांच्या पुढाकारानं तिथं सह्याद्री देवराई उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथंच वृक्षसंमेलन झालं. अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं! झाडं जुनी नाहीत, अण्णांच्या मागणीत बसत नाहीत, पण उघड्या माळावर झाडं जगवता येतात हे ज्यांना खोटं वाटतं त्यांनी बघून यावं.

मन्याड

नांदेडकरांची हजेरी.

मराठवाड्यात सागाचं खरं जंगल बघायचं तर किनवट-माहूर. भोकर सोडलं की हवा बदलते. एसटीत खिडकीशी बसा. आधी तुरीची, कापसाची रानं, मग पळसाची विरळ झाडी, आणि हिमायतनगरच्या पुढं दोन्ही बाजूंनी साग. पैनगंगेवर इस्लापूरजवळ सहस्रकुंडचा धबधबा आहे. पलीकडच्या काठाला यवतमाळ जिल्हा. ऑगस्टमध्ये त्याचा आवाज आधी ऐकू येतो, मग पाणी दिसतं. मुदखेड-आदिलाबाद रेल्वे याच जंगलातून जाते. सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे. अण्णांना गाडीत बसल्या बसल्या रान बघायला मिळेल.

उनकेश्वरला गरम पाण्याची कुंडं आहेत, गंधकाचा वास येतो. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणून म्हातारी माणसं जातात. माझी आजी गेली होती आणि येताना दोन मैल चालली, हे आमच्या घरात अजून सांगतात.

मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर मोहाची फुलं. पहाटे गोंड, कोलाम बायका टोपल्या घेऊन मोहाखाली वेचत असतात. झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते, म्हणजे फुलाला माती लागत नाही. कुठल्या घरानं कुठला मोह वेचायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. भांडण नाही, कागद नाही.

हिवरा

मला थोडं कडू बोलायचं आहे.

अशा धाग्यांनी नुकसान होतं. आमच्या तालुक्यात एका ओढ्याकाठी जांभळाची जुनी राई आहे. कुणी तरी व्हिडिओ टाकला. पुढच्या रविवारी ४० मोटारसायकली. थर्माकोलच्या पत्रावळ्या, बाटल्या, खोडावर खिळ्यानं कोरलेली नावं. एका बुंध्याशी चूल मांडली, अर्ध्या उंचीपर्यंत साल भाजली. जांभूळ जगलं, पण त्या बाजूला आता पान फुटत नाही. मी वर्षभर बघतोय.

अण्णांबद्दल पूर्ण आदर आहे. त्यांना न्या. पण इथं गावाचं नाव, नकाशा काही टाकू नका. झाड माहीत नसणं हेच त्याचं संरक्षण.

सिंदफणा

हिवरादादा, वाचून वाईट वाटलं. पण फाट्यावरचा वड कुणाला माहीत नव्हता म्हणून वाचला का? सगळ्या गावाला माहीत होता, फक्त गावाबाहेर कुणालाच नव्हता.

गोदाकाठचा

सिंदफणाताईंशी सहमत. भोसे गावचा वड आठवा. सांगली जिल्हा, मिरज तालुका. २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो ४०० वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड जाणार होता. लोक उभे राहिले, बातम्या झाल्या, आणि रस्त्याची आखणी बदलली. हाच रस्ता पुढं तुळजापूर, लातूर, नांदेडवरून जातो. आपल्याकडच्या किती वडांची बातमी झाली?

कायद्याचंही सांगतो. राज्यात २०२१ मध्ये झाडांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षांच्या पुढच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणायचं, आणि ते तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. चांगली तरतूद आहे. पण तो मूळ कायदा, १९७५ चा, नागरी क्षेत्रांसाठीचा. तेरणाकाठ यांच्या फाट्यावर त्याचा उपयोग नव्हता. जी झाडं खरोखर दांडगी आहेत ती सगळी ग्रामपंचायतींच्या हद्दीत.

हिवरा

भोसेचा वड २०२२ च्या जूनमध्ये उन्मळून पडला, हेही लिहा.

गोदाकाठचा

हो, पडला. तरी तो आपल्या पायानं गेला, हिवरा. यंत्राखाली गेला नाही. मला यात फरक वाटतो.

बोरीबाभळी

हे नाव मी हौसेनं घेतलंय, ऑफिसवाल्यांना सांगा. 🙂

जरा अवांतर. आपल्या गावांची नावं बघा. वडवणी, पिंपळनेर, लिंबागणेश, चिंचोली, बोरी, जांब. भोकर तर अख्खा तालुकाच झाडाच्या नावाचा. नाव ठेवणाऱ्यांना समोर काय दिसत होतं ते नावातच आहे. आमच्या शेजारच्या पळसगावात शाळेच्या पोरांना पळस दाखवा म्हटलं तर गुलमोहर दाखवला.

येळवस

आमच्या चिंचोलीत चिंचा हायेत. तीन. मोजून.

उदगीरकर

आमच्या गावच्या मठातला वड एक हजार वर्षांचा आहे. महाराज स्वतः सांगतात. ठिकाण नाही सांगत, हिवरा रागावतील. पण एक हजार नक्की.

पर्णिका

उदगीरकर, महाराजांचा मान राखून सांगते. वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही.

वडाचं वय असं ठामपणे सांगता येत नाही. वड बहुतेक वेळा जमिनीत रुजतच नाही. पक्षी फळ खातो, बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात किंवा भिंतीच्या फटीत पडतं, तिथून मुळं खाली येतात. मूळ झाड आत गुदमरून जातं. पुढं पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांचेच खांब होतात. मग वय कुणाचं मोजायचं? कोलकात्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीनं किडलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं. खोड नाही, तरी झाड जिवंत आहे आणि पसरतं आहे.

साग असेल तर कापल्यावर वर्षवलयं स्पष्ट दिसतात. चिंचेचं, वडाचं तसं नाही, आणि जुन्या झाडाचा गाभा बऱ्याचदा पोकळ झालेला असतो. म्हणून मोजायचं तर घेर मोजा. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, दोरी फिरवायची. दोरी तिरकी जाऊ द्यायची नाही. ढोली आहे का, साल कुठं सुटली आहे का, किती पारंब्या जमिनीत गेल्या, हे वहीत लिहायचं, तारीख घालायची. दहा वर्षांनी पुन्हा मोजायचं. हजार वर्षांच्या गोष्टीपेक्षा ही एक ओळ त्या झाडाच्या जास्त कामाची आहे. उद्या कुणी "साधंच झाड होतं" म्हणालं तर हातात काही तरी असतं.

उदगीरकर

मॅडम, पटलं. मोजून आलो. मुख्य बुंधा २७ फूट, जमिनीला टेकलेल्या पारंब्या १४. दोरी धरायला महाराजच आले. म्हणाले, आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं.

पर्णिका

उदगीरकर, दिवसभर हसू आवरत नाहीये. महाराजांना माझा नमस्कार सांगा.

मन्याड

वडाचा विषय निघालाच आहे तर पिल्ललमर्री. तेलंगणात महबूबनगरजवळ. आम्ही हैदराबादला पाहुण्यांकडं गेलो होतो, तिथून एका दिवसात झालं. जवळपास तीन एकरांवर एकच वड! आत शिरलं की खांबांचं देऊळ. २०१७ च्या शेवटी त्याची मोठी फांदी कोसळली, वाळवी लागलेली होती. मग २०१८ मध्ये दवाखान्यात लावतात तशा सलाईनच्या बाटल्या फांद्यांना टांगून थेंब थेंब औषध दिलं. मी शेतकऱ्याचा पोरगा. झाडाला सलाईन म्हटल्यावर आधी विश्वास बसला नाही.

हैदराबादलाच गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यात गोरखचिंच आहे, "हत्तियाँ का झाड" म्हणतात. आफ्रिकेतलं झाड. घेर ८० फुटांच्या वर. तेही जमिनीवरून चालतच बघता येतं.

कन्नडकर

मग पेमगिरीही लिहून ठेवा. संगमनेरजवळ, आमच्याकडून तीन-साडेतीन तास. काही एकरांत पसरलेला वड, कुठला बुंधा आणि कुठली पारंबी कळत नाही. आणि इतकं लांब नको असेल तर संभाजीनगरात पाणचक्कीच्या हौदाकाठचा वड आहेच. पाणचक्की बघायला येणारे लोक त्याच्याच सावलीत बसून पाणचक्कीचे फोटो काढतात!

रामलिंगची_लेक

सगळ्यांनी येडशी विसरलंच की! रामलिंग घाट अभयारण्य, १९९७ चं. तेरणाकाठ, तुम्हाला तर सगळ्यात जवळ. दरीत रामलिंगाचं देऊळ, रावणाशी लढलेला जटायू इथंच पडला अशी श्रद्धा. पाऊस झाला की दरी ओळखू येत नाही. २०२४ च्या डिसेंबरात तिथंही वाघ कॅमेऱ्यात आला, तोही टिपेश्वरचा. टिपेश्वरच्या वाघांना मराठवाडा फार आवडलेला दिसतो.

एकच सूचना, भाकरीचं गाठोडं मांडीवर धरून बसा. मागच्या श्रावणात माकडानं आमची पाच धपाटी नेली आणि ठेच्याची पुडी तेवढी परत खाली टाकली.

येळवस

ठेचा चाखून बगितला असंल त्यानं.

हिवरा

पर्णिका मॅडम, उदगीरकर यांच्या पोस्ट दोनदा वाचल्या. मी माझं म्हणणं थोडं बदलतो. रीलसाठी जाणाऱ्यांना पत्ता देऊ नये, यावर ठाम आहे. पण दोरी घेऊन जाणाऱ्याला द्यावा. तेरणाकाठ, जांभळाच्या राईचं ठिकाण निरोपातून कळवतो. अण्णांना जरूर न्या. ओढ्यापर्यंत गाडी जाते.

तेरणाकाठ

तीन आठवडे लिहू शकलो नाही, माफ करा. आम्ही जाऊन आलो.

आधी येडशीला गेलो, जवळ म्हणून. अण्णा दरीच्या कठड्याशी अर्धा तास उभे होते. पाऊस नुकताच झालेला, खालून रेल्वे गेली. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या रविवारी येळवसभाऊंच्या शेतात. भाऊ, तुमच्या घरच्यांनी जे केलं ते मी इथं लिहीत बसत नाही, तुम्हाला आवडणार नाही. चिंचेचं मात्र लिहितो. गाडीतून उतरल्यावर अण्णा काठी टेकत सरळ चिंचेकडं गेले. आधी बुंध्याला हात लावला, मग चप्पल काढली. मी खिशातून टेप काढला तर म्हणाले, "ते ठेव." येळवसभाऊंच्या गोठ्यातून कासरा मागून घेतला. एक टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतः चालत फेरा घातला, गुडघ्यांचं भान नाही. कासऱ्याला गाठ मारून मग तो जमिनीवर ताणून मोजला. १९ फूट ४ इंच. पर्णिका मॅडम, छातीच्या उंचीवरच धरला होता, दोरी सरळ होती.

पश्चिमेच्या अंगाला ढोली आहे. तिच्यात पिंगळ्यांची जोडी. अण्णांनी आधी विष्ठा आणि हाडकं बघितली खाली पडलेली, म्हणाले आत पिंगळा आहे, आणि खरंच थोड्या वेळानं डोकं बाहेर आलं. हे त्यांना येतं हे मला ४६ व्या वर्षी कळलं.

मग खोपीत बसून त्यांनी फाट्यावरच्या वडाचा विषय स्वतःच काढला. १९७२ च्या दुष्काळात रस्त्याची खडी फोडायला गाव जायचं, तेव्हा त्या वडाखाली सुकडी वाटायचे. माझी आजी मला... नाही, मला नाही, माझ्या मोठ्या भावाला पारंबीला झोळी बांधून निजवायची आणि खडी फोडायची. तो भाऊ पुढं गेला. अण्णांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं.

सिंदफणा

…

काय लिहू कळत नाही. अण्णांना नमस्कार.

पर्णिका

१९ फूट ४ इंच, चिंच, पश्चिमेला ढोली, पिंगळा. माझ्या वहीत नोंद केली. तारीख कळवा.

येळवस

अण्णांनी जाताना मला ईचारलं, तुमच्या बांधावरच्या वडाची फांदी देताल का. मी म्हनलो फांदी काय, अख्खा वड न्या. जेष्ठात पाऊस पडायच्या आदी मनगटाएवढी जाड फांदी, सहा-सात फुटाची घ्यायची. वरच्या टोकाला शेण थापायचं म्हंजे वाळत नाय. दोन फूट खड्डा. भोवती बोराटीची काटी. शेरडं लई वाईट.

गोदाकाठचा

लावणार कुठं? महामार्गाच्या हद्दीत लावू नका, पुढच्या रुंदीकरणात परत जाईल. गायरानात किंवा शाळेच्या आवारात, आणि ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. ठरावाची प्रत जपून ठेवा. मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो.

तेरणाकाठ

गोदाकाठचे दादा, मसुदा पाठवा. शाळेचे गुरुजी तयार आहेत. अण्णांनी जागाही दाखवली, हातपंपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे सांडपाणी मुळाशी जाईल.

त्याआधी ऑगस्टमध्ये किनवट. तिकिटं काढली, सहस्रकुंड बघून उनकेश्वरला मुक्काम. अण्णांनी कासरा आत्ताच पिशवीत घालून ठेवलाय. मन्याड, इस्लापूरला उतरल्यावर धबधब्यापर्यंत ऑटो मिळतो का, की आधी सांगून ठेवावं लागतं?